बाबा ओढ्यात उतरले
रेडमंड, अमेरिका, रविवार, १९ ऑक्टोबर १९८६, संध्याकाळ

ओले बूट हीटरपाशी ठेवून लिहायला बसलेय.

बाबांना घरामागच्या ओढ्यावर, अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे सॅमन मासे दाखवायला मीच नेलं. सांगलीहून येऊन आठवडा झालाय त्यांना, आणि बायपासला जेमतेम सहा महिने. एक मादी दगडांत अडकली होती, शेपटी घासून घासून पांढरी पडलेली. मी कॅमेऱ्यात रोल भरत होते. वर बघते तर बाबा बूट काढून पाण्यात!

“बाबा, आधी बाहेर या!”

त्यांनी दगड सरकवला आणि घसरून पाण्यातच बसले. मी बुटांसकट उतरले, दंड धरून ओढलं. ओठ निळे पडलेले, आणि म्हणतात काय, “मला सोड, ती गेली का बघ.”

गेली होती. पांढरी शेपटी वर जाताना मला दिसली. रागाने सांगितलंच नाही. का असं केलं मी?

घरी ब्लँकेटात गुंडाळून नाडी बघितली. ठीक होती. मग मात्र ओरडलेच, “काही झालं असतं तर आईला काय सांगितलं असतं मी?”

“सहा महिने सगळे मलाच धरून चालवतायत गं,” ते हळूच म्हणाले. “आज मी कुणाला तरी हात दिला.”

“गेली ती, बाबा. वर गेली.”

तेव्हा कुठे त्यांनी चहा घेतला.