जळालेल्या उत्तरपत्रिका

९ मे
परीक्षा विभाग जळाला. शॉर्टसर्किट. माणसं सुखरूप. पण शेवटच्या वर्षाच्या भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिका, न तपासलेल्या, सगळ्या गेल्या.

१० मे
प्राचार्यांनी बैठक बोलावली. फेरपरीक्षेला हॉल नाही, महिन्याभरात निकाल हवा. माझ्या तोंडून निघून गेलं – तोंडी घेऊ. एकेकाला वीस मिनिटं.
गणिताचे सर लगेच, "म्हणजे वशिल्याला मोकळं रान."
प्राचार्य पार थकले होते. म्हणाले, "मग तुम्हीच बसा बाईंच्या शेजारी. दोघांनी मिळून घ्या."
अकरा वर्षं हेच मागत होते मी. त्यासाठी इमारत जळावी लागली.

१८ मे
नऊ जण झाले. घसा बसला. दरवर्षी पहिला येणारा दुसऱ्याच प्रश्नाला अडकला.

१९ मे
आज ती लाँड्रीवाली मुलगी आली. सकाळी तिथलं काम करून कॉलेजला येते. भौतिकशास्त्रात दोनदा नापास. मीच केलेली.
विचारलं, उकळत्या पाण्यापेक्षा वाफेने जास्त का भाजतं?
तिने बाही वर केली. कोपरापर्यंत जुना डाग. "मॅडम, वाफ अंगावर आली की तिचं आधी पाणी होतं. ते होतानाच ती सगळी उष्णता सोडते. पाणी पोळतं ते नंतर."
मग स्वतःच कागद ओढून लाँड्रीतल्या बॉयलरची आकृती काढली. उष्णता कुठे वाया जाते ते दाखवलं. मालकाच्या मागे लागून तिथे नळीला आवरणही घालून घेतलंय!
हे लिहिलं का नाहीस कधी?
"प्रश्नपत्रिका बघितली की हातच चालत नाही."
वीस मिनिटं केव्हाच उलटली होती. गणिताचे सर घड्याळ उलटं ठेवून म्हणाले, "चालू द्या."
नंतर जिन्यात बसून राहिले जरा. हलकं वाटलं. लाजही वाटली.

२ जून
निकाल लागला. ती पास – आणि चांगली पास. तोंडी परीक्षा आता कायमची, लेखीच्या जोडीला. जुन्या नापासांनाही बसता येणार. ठराव मांडला कुणी? गणिताच्या सरांनी. आज बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

४ जून
सकाळी दादाचा फोन. पंचवीस वर्षांपूर्वी भौतिकशास्त्र हा एकच विषय राहिला म्हणून याच कॉलेजातून निघून गेला होता तो. घरी कुणी ते काढत नाही. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "ते जुन्या नापासांचं पेपरात वाचलं मी. फॉर्म आणून ठेव. पण एक – परीक्षा तू घ्यायची नाहीस."