बालंट नेणारे मासे

बाऊजी, तुमच्या माशांच्या पेटीचा लोखंडी स्टँड अजून बैठकीत दाराला आडवा उभा आहे, आणि आज सकाळी माझ्या डाव्या पायाच्या करंगळीनं त्याला पुन्हा एकदा साष्टांग नमस्कार घातला. ही तक्रार मी रीतसर नोंदवते आहे. एवढ्या वर्षांत दिल्लीतली सरकारं पडली, मोंढ्याच्या बाजारातल्या पेढ्या बुडाल्या, पण हा स्टँड तसूभर हलला नाही. भंगारवाला न्यायला तयार आहे, मां द्यायला तयार नाही. "राहू दे, त्यांची निशाणी आहे," म्हणते. लोकांचे वडील मागं घड्याळ ठेवून जातात, चष्मा ठेवून जातात. तुम्ही माझ्या करंगळीला जन्माचा वैरी ठेवून गेलात.

मराठीत लिहिते आहे, राग मानू नका. आपल्या घरातली मारवाडी मला 'हो बाऊजी' म्हणण्यापुरतीच शिकवली होती, त्या भाषेत भांडायला माझ्याकडं शब्द नाहीत. भांडायला मी आपल्या आडतीवरच्या हमालांकडून शिकले. आता कॉलेजात मुलांना शिकवते आणि त्याच शिदोरीवर वर्तमानपत्रात आठवड्याला एक टवाळखोर सदर लिहिते. लोक हसतात. तुम्हाला हसू आलं नसतं. "छोरीला देवानं जीभ द्यायची विसरून अडकित्ता दिला," असं तुम्ही पाहुण्यांसमोरच म्हणायचात, आणि पाहुणे चहा संपवून जे उठायचे ते परत म्हणून फिरकायचे नाहीत. परतूरपर्यंतची सगळी स्थळं अशी चहावरच आटोपली. तक्रार नाही. चहा मां चांगला करायची.

पेटी आली ती तुमच्या छातीत पहिली कळ आल्यावर. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की नसा बंद होत आल्यात, मुंबईला जाऊन ऑपरेशन करून घ्या, वेळ लावू नका. तुम्ही मान डोलावलीत आणि घरी येऊन वास्तुवाल्याला निरोप धाडलात. तो आला. होकायंत्र घेऊन खोल्या-खोल्यांतून फिरला, आपल्या संडासाच्या दिशेबद्दल मनापासून हळहळला आणि इलाज सांगून गेला. ईशान्येला फिश टँक ठेवायचा, त्यात सोनेरी मासे सोडायचे, त्यांच्यात एक काळा. मासा मेला की घरावरचं बालंट घेऊन जातो. काळा मेला तर घरधन्यावरचं.

आणि घर कुठलं, तर आपलं जैनाचं! चातुर्मासात हिरवी भाजी बंद, कांदा-बटाटा तर जन्मात नाही, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली. डास चावला तर त्याला फुंकर मारून "जा बाबा" म्हणायचं. मुंग्यांच्या वारुळावर रोज साखर टाकणाऱ्या माणसानं आपल्या वाटणीचं मरण मरायला जीव विकत आणले आणि काचेत ठेवले. मी म्हणाले, "बाऊजी, हे तर मरायला रोजंदारीवर गडी ठेवल्यासारखं झालं." तुम्ही वर न बघता उत्तर दिलंत, "आपण हातानं थोडंच मारतो? त्यांचं आयुष्य त्यांचं."

पहिला मासा पंधरवडाभरात गेला. त्याच आठवड्यात मोंढ्यात शेजारच्या गोदामाला आग लागली आणि आपलं वाचलं. तुम्ही पेढे वाटलेत. मेलेला मासा वर्तमानपत्रात गुंडाळून मुनीमजींच्या हातात दिला. ते जाफराबादकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. पुडीकडं बघत, दुसऱ्या हातात पेढा धरून ते म्हणाले, "सेठजी, आमच्यात मासा मेला तं कालवण होतं. तुमच्यात पेढे वाटून राह्यले." तुम्ही हसलात. तुम्हाला हसताना मी इतक्या कमी वेळा पाहिलं आहे की मला तो पेढ्याचा तुकडा तुमच्या मिशीला चिकटलेला अजून दिसतो.

त्यानंतर तुमचा नेम सुरू झाला. आंघोळ, सामायिकाची ध्यानाची बैठक, आणि मग पेटीपुढं उभं राहून कोण उताणा झालाय का ते बघणं. सगळे पोहत असले की चेहरा पडायचा. कोपऱ्यातल्या फिल्टरची मोटर दिवसभर घुर्र करत बुडबुडे सोडायची, आणि तुम्ही तिच्याकडं असे बघायचात जसं व्याजाच्या वसुलीत आडवं येणाऱ्या वकिलाकडं बघावं.

मग श्रावण. मुंबईची तारीख मिळाली होती, तिकिटं काढून झाली होती, मांनं तुमची बॅग भरून ठेवली होती. मधल्या कप्प्यात तुमच्या पथ्याचे खाकरे, वर धुतलेली धोतरं. आदल्या दिवशी सकाळी लाईट गेली, आली, पुन्हा गेली, आणि परत आली ती अशी दांडगी आली की बैठकीतला बल्ब फुटला आणि फिल्टरची मोटर जळाली. घरभर वास. बुडबुडे थांबले. आधीच त्या पेटीत दाटी, तुम्ही गेल्या माशाच्या जागी दोन-दोन आणून भरले होते. थोड्या वेळात पाणी ताकासारखं गढूळ झालं आणि सगळे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले.

मुनीमजी म्हणाले, "इथं न्हाई भेटायची मोटर. औरंगाबादला जाऊन येतो, जल्दी येतो."

"राहू द्या," तुम्ही म्हणालात. "एवढ्याशा मशीनसाठी कुठं खर्चा करता? जे व्हायचं ते होईल." आणि खुर्ची ओढून पेटीपुढं बसलात. कापसाचा भाव फुटायची वाट बघत लिलावात बसायचात, तसे.

मी बघते आहे, तुम्ही बसला आहात. मांडीवर हात. आत ते काळं पोर काचेला तोंड लावून हवा मागतं आहे आणि तुमच्या चेहऱ्यावर बाजार चढतो आहे.

मांला ते बघवलं नाही. नळाला पाणी येऊन आठवडा झाला होता, घरात वापरायचं पाणी तळाला गेलं होतं. स्वच्छ पाणी एकच होतं, तिचं चौमाशाचं पक्कं पाणी, गाळून, खळखळा उकळून, पितळी हंड्यांत निववलेलं. ती तेवढंच प्यायची. तिनं गढूळ पाणी तांब्या-तांब्यानं काढून टाकलं आणि आपलं ते पाणी पेटीत ओतलं. काचेच्या कडेनं, हळूहळू, माशांना धार लागू नये म्हणून. मी विचारलं, "आणि तू काय पिशील?" तर म्हणाली, "माझ्यासाठी परत उकळीन. त्यांना तरी शुद्ध मिळू दे. तेही जीवच आहेत."

दुपारच्या जेवणाआधी सगळे मेले. एकूण एक. काळ्यासकट.

तुम्ही उठलात. पेटीला नमस्कार केलात. मग मांकडं वळून म्हणालात, "आज तू काम केलंस." लग्नानंतर पहिल्यांदा तिची स्तुती झाली होती. ती ओला तांब्या हातात धरून उभी, तिला कळेना हसावं की रडावं. आणि तुम्ही मला म्हणालात, "बेटा, मुंबईची तिकिटं परत कर. सगळं बालंट गेलं."

तेव्हा आपलं भांडण झालं. तुमच्या-माझ्या आयुष्यातलं ते एकमेव खरं भांडण. मी म्हणाले, "मोटर जळाली म्हणून मेले ते, बाऊजी. गुदमरून मेले. तुमच्या छातीचा आणि त्यांचा काही संबंध नाही. उद्या गाडीत बसा, पाया पडते." खरंच पडले. तुम्ही पाय मागं घेतलात.

"तुझ्यापेक्षा ते मासे बरे," तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाहीत. "माझं घेऊन तरी गेले. तू काय घेऊन गेलीस? सासरीसुद्धा गेली नाहीस."

मांनं त्या संध्याकाळी तुमची बॅग रिकामी केली. धोतरं कपाटात, खाकरे डब्यात. मी मात्र रोज बोलले. डॉक्टरांना घरी आणलं, त्यांना तुम्ही बादाम-शेक पाजून परत पाठवलंत. मुनीमजींकडून सांगवलं, "सेठजी, एकडाव दाखवून तं या," तर त्यांना म्हणालात, तुम्ही तुमचा हिशेब बघा. तुमची तब्येत त्या दिवसांत दिसायलाही छान होती. गाल भरले होते. माणूस स्वतःला फसवतो तेव्हा तेज फार येतं.

भादव्याच्या अखेरीस, चांगल्या चढत्या भावाच्या दिवशी, तुम्ही गादीवर बसल्या-बसल्या लोडावर कलंडलात. वास्तुवाला अंत्यदर्शनाला आला होता. पांढऱ्या कपड्यांत. रिकाम्या पेटीकडं बघून माझ्या कानाशी म्हणाला, "काळे दोन ठेवायला पाहिजे होते." मी त्याला चप्पल दाखवली. मोंढ्यानं ते बरेच दिवस चघळलं, बाप अजून घरात आणि पोरीच्या हातात चप्पल. तुमचा अडकित्ता, बाऊजी. धार गेली नव्हती.

बऱ्याच वर्षांनी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये प्राणिशास्त्राच्या बाईंना मी ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, पाणी उकळलं की त्यातली हवा निघून जाते. मोटर बंद, आणि वर तसलं पाणी. श्वास कुठनं घेणार?" म्हणजे घरातलं सगळ्यात पवित्र पाणी, तेच. ही गोष्ट मी मांला सांगितलेली नाही. माझ्या जिभेनं आयुष्यात गिळलेली ही एकच गोष्ट.

आता कालचं सांगते, कारण त्यासाठीच बसले आहे. काल संवत्सरी होती, आपला क्षमा मागायचा दिवस. तुमचा हा दिवस मोंढ्याला पाठ होता. हात जोडून दुकानोदुकानी फिरायचात, ज्याला कोर्टात खेचलं त्यालाही, ज्याचं माप मारलं त्यालाही, "खमतखामणा, वर्षभरात मन दुखावलं असेल तर क्षमा." हमालांनासुद्धा. मग घाम पुसत घरी यायचात आणि दारातूनच ओरडायचात, "पाणी आण, बसलीस काय?" शेवटच्या वर्षीही तसंच. छातीवर हात दाबून जिने चढलात, वैऱ्यांच्या पायऱ्या चढलात, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत काही पोचला नाहीत.

मां काल जैन स्थानकातून आली, भिंतीला टेकून बसली. आता तिला कमी दिसतं. बोटं मोजत कुणाकुणाला खमावलं ते म्हणत होती. शेजारी, दूधवाला, मुंग्या, जळात राहणारे, थळात राहणारे. मध्येच थांबली आणि म्हणाली, "मला त्यांनी कधी म्हटलं नाही गं." रडून नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं.

मी म्हणाले, "म्हटलं होतं. शेवटच्या वर्षी. तू आत होतीस. मला म्हणाले, तुझ्या मांला सांग. माझ्याकडूनच राहून गेलं."

तिनं माझ्या दिशेनं तोंड केलं. नीट दिसत नसतानाही माझा चेहरा बघितला. तिला कळलं असणार. ती तुमच्याबरोबर नांदली आहे, तिला खोटं वासानं कळतं. मग पदर डोक्यावरून नीट घेतला आणि म्हणाली, "मंग त्यांच्या आवाजात म्हण."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले, हात जोडले आणि म्हटलं. तुमच्या मारवाडीत, तुमच्या त्या जाड, हुकमी सुरात, तिचं नाव घेऊन, जे तुम्ही कधी घेतलं नाहीत. तिनंही हात जोडले. "चला," म्हणाली, आणि जपमाळ घेतली.

तर तुमचं एवढं देणं मी फेडलं आहे. माझं येणं बाकी आहे, ते मी सोडत नाही आणि या कागदाला पत्ताही नाही, तेव्हा तो माझ्याजवळच राहील. एकच गोष्ट राहिली. तो आवाज काढायला मला काही करावं लागलं नाही, बाऊजी. तोंड उघडलं, आणि तो आलाच.