निचऱ्याच्या दोन भोकांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, धक्का ते पलीकडचा काठ अशी उतारूंची बोट चालवणारी, अविवाहित, सध्या थोरल्या भावाच्या घरी मागच्या खोलीत मुक्कामाला, सर्वांत आधी अशी तक्रार नोंदवते की या खोलीचा पडदा अर्धाच सरकतो. त्याची एक कडी गजावर अडकली आहे. आल्या दिवसापासून सांगते आहे. त्यामुळे मला आकाश अर्धं, धक्का अर्धा आणि माझी बोट फक्त मागून दिसते. शेवटची इच्छा लिहायला बसावं आणि पहिली इच्छा पडद्याची निघावी, यावरून माझी बुद्धी ठिकाणावर आहे की नाही ते वाचणाऱ्याने ठरवावं. डॉक्टरांच्या मते आहे. पायांबद्दल त्यांनी तसं लिहून दिलेलं नाही.

हे मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. घरात आत्ता वहिनी एकट्याच आहेत, आणि त्या सकाळपासून माझ्याशी बोललेल्या नाहीत.

कलम एक. बँकेत जे असेल ते आजारपण भागवून उरलं तर भाचीला. उरणार नाही, पण तिने आत्याच्या कागदात आपलं नाव शोधलं तर ते सापडावं.

कलम दोन. पान्यांची पेटी धक्क्यावरच्या मेकॅनिकला. तिच्यातला सर्वांत मोठा पाना आधीपासून त्याच्याकडेच आहे. तो आता कायद्यानेही त्याचा.

कलम तीन. बोट थोरल्या भावाला, म्हणजे दादाला. त्याला बोटीतलं काही कळत नाही, पण ती आवडते. पुढील सूचना बोटीबरोबर त्याच्या मालकीच्या होतील.

बोट बुडवायला समुद्र लागत नाही, पाऊस पुरतो. डेकवर पडलेलं पाणी मागच्या दोन कोपऱ्यांतल्या भोकांतून नळीने बोटीच्या कुशीतून, म्हणजे बाजूतून, बाहेर पडतं. त्या भोकांतली नळकांडी बदलायची वेळ आलीच तर मिळतील तितकी मोठी घ्यावीत. प्लास्टिकची नकोत, उन्हाने तडकतात. पितळेची स्वस्त असतात, पण खारं पाणी त्यांना आतून खातं आणि वरून ती चकाकत राहतात. आमच्या नात्यात अशी माणसंही आहेत, ती वेगळ्या कलमात घेतली असती, पण कागद कमी आहे. कांशाची घ्यावीत. नळी सरळ असावी, दोन्ही टोकांना दोन-दोन क्लिपा असाव्यात. वर बारीक जाळी लावू नये. दुकानदार म्हणेल, कचरा आत जाणार नाही. खरं आहे. कचरा जाळीवर बसेल आणि मग पाणीही आत जाणार नाही. एक आडवी पट्टी पुरे. दर आठवड्याला बाहेरच्या बाजूने वेताची काठी घालून वर ढोसावं. वरून ढोसलं की पिसं आणि तिकिटांचा लगदा आणखी खाली जाऊन बसतो. मग बादलीभर पाणी ओतावं आणि ते जाईपर्यंत बघत उभं राहावं. बघत उभं राहणं हा कामाचा मुख्य भाग आहे, आणि तोच सगळे गाळतात.

कलम चार. दादाने माझ्या बोटीचा डेक रंगवला आहे. मी बरी होऊन गेले की बघून खूश व्हावं म्हणून. काल रात्रीच्या जेवणावर त्याने आनंदाने सांगितलं की दोन्ही भोकांवर चिकटपट्टी मारली होती, तीही दुहेरी, रंगाचा एक थेंब आत गेला नाही. मी विचारलं, पट्टी काढलीस ना?

"काढतो गं आल्यावर. कडा वाळू देत की नीट."

आणि आज पहाटे तो माझे रिपोर्ट आणायला गेला. रंगाजवळ ठिणगी उडायला नको म्हणून त्याने बोटीची बॅटरीही घरी आणून ठेवली आहे. ती माझ्या खाटेखाली आहे. म्हणजे बोटीच्या तळातला पंपही बंद.

इथून अक्षर बिघडलं आहे ते चालवून घ्यावं. पाऊस सुरू झाला आहे, आणि तो थांबण्यासारखा नाही. दादा फोन उचलत नाही. दवाखान्यात फोन गप्प ठेवा अशी पाटी असते आणि आमचा दादा पाट्या पाळतो.

बोटीच्या पाठीवर पाण्यालगत एक पांढरी रेघ आहे. अर्ध्या पडद्यातून मला नेमकी तीच दिसते. सुरुवातीला पूर्ण दिसत होती. आता तिची खालची कड बुडाली आहे. डेकवरचं पाणी इंजिनाच्या झाकणापर्यंत चढलं की पुढचं काम वेगात होतं. मी पाय खाली सोडले. ते बॅटरीवर टेकले आणि तिथेच राहिले.

वहिनींना हाक मारली. त्यांचं आणि माझं जुनं आहे. या घरी आले की मी त्यांच्या मोरीत बादली ओतून निचरा बघत असे, मग पाहुणे का असेनात. त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, पाऊस थांबला की बघते. मी म्हटलं, तोवर बघायला काही उरणार नाही.

"त्या बोटीपायी तुम्ही स्वतःचं काही केलं नाहीत, वन्सं. आता मी भिजायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. माझ्याकडे नेहमी असतं. पण रेघ दिसेनाशी झाली होती.

"वहिनी," मी म्हटलं, "मला जाता येत नाही हो."

चपला वाजल्या, दार वाजलं.

ज्या बाईने डिझेलच्या वासाचं कारण सांगून आजवर माझ्या बोटीवर पाय ठेवला नाही, ती धक्क्याच्या रखवालदाराची छत्री घेऊन पळताना मी पाहिली. छत्री वाऱ्याने हिसकली आणि पाण्यात गेली. वहिनी बोटीवर चढल्या, घसरल्या, गुडघ्यांवर बसल्या. मग नुसती पाठ दिसत होती, कोपरापर्यंत पाण्यात. मी इथून ओरडून सांगत होते, नखाने कड धरा, मधून ओढू नका. ऐकायला खोलीत मीच होते.

बऱ्याच वेळाने डाव्या कुशीतून पाण्याची धार निघाली. जाड, सरळ. मग उजव्या. रेघ मात्र वर आली नाही. इंजिनात पाणी गेलं आहे, आणि ते काढणारी बाई या अंथरुणावर पडून आहे. बोट तरंगते आहे, एवढंच मला लिहिता येईल.

वहिनी निथळत आल्या, मुठीतला चिकटपट्टीचा गोळा माझ्या उशाशी ठेवला.

"पट्टीखाली आणखी पट्टी. तुमच्या भावाने माझा गळका नळ कधी एवढ्या मनापासून बांधला नाही." मग केस पिळत म्हणाल्या, "आमच्या मोरीत बादल्या ओतत होतात त्या ह्यासाठी होय."

कलम पाच. दादा आला. रिपोर्टचं पाकीट शर्टाच्या आत धरून आणलं, त्यामुळे ते कोरडं आहे. मला दाखवलं नाही. म्हणाला, आधी खाऊन घे. मी मागितलं नाही. कलम तीन कायम ठेवून त्यात एवढी दुरुस्ती करते: बोट दादाची, निचऱ्याची दोन्ही भोकं वहिनींची. त्यांच्या लेखी परवानगीशिवाय त्यांवर पट्टी, जाळी, रंग किंवा प्रेम लावू नये.

ठिकाण: मागची खोली. दिनांक: पाकिटावर आहे तोच.

सही: बोटवाली.

साक्षीदार एक: डॉक्टर, पाय सोडून बाकी सर्व तपासून.

साक्षीदार दोन: धक्क्याचा रखवालदार. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असं डॉक्टर म्हणतात. म्हणून दाराआडचा माझा रेनकोट त्याला सहीच्या आधीच घालायला दिला. बाह्या थोड्या आखूड होतात. छत्रीचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.