न तपासलेली नळी

लुइसटाउन, मोंटाना
२१ सप्टेंबर

प्रिय थॅड,

लहानपणी आपण दोघं भावंडं गॅरेजच्या पायरीवर बसून वाटाणे सोलायचो, ते आठवतं? बाबा आत बंदुका उघडून बसलेले असायचे. हाक तुला यायची, मला नाही. एकदा मी आपणहून आत गेले, तर म्हणाले, "लोरेटा, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी तुझे हात जपमाळेसाठी तयार केलेत, त्यांना तेल नको लावूस." तू हसलास, आणि तुझ्या वाट्याचे वाटाणे माझ्या भांड्यात ओतून आत पळालास.

मी बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत? इथे डोंगरावर पहिलं बर्फ पडून गेलं. सफरचंदं यंदा किडकी निघाली.

गेल्या आठवड्यात मी नवऱ्याच्या रायफलची, ऑर्व्हिलच्या त्याच रायफलची, नळी बदलली. घरी, एकटीने. डेनिस फोनवर म्हणाला, "आई, दुकानात दे ना. तुझं वय काय, करतेस काय!" मी म्हटलं, माझं वय मला पाठ आहे. नळी शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळली, तिच्या नटावर दोन दिवस तेल मुरू दिलं, मग पान्याला लांब पाइप लावून अख्खं अंग टाकलं. सुटला.

नवी बसवल्यावर काडतुसाच्या मापाचे दोन्ही पोलादी गेज आत घालून पाहिले. तुला काय सांगायचं, पण लिहिते: एकावर रायफलची मागची खिट्टी, म्हणजे बोल्ट, बंद व्हायला हवा, दुसऱ्यावर होता कामा नये. माझा पहिल्यांदा दुसऱ्यावरही झाला. म्हणजे काडतुसाला जागा जास्त, आणि बार काढला की गॅस मागे, थेट तोंडावर. सोडून पुन्हा बसवली. तिसऱ्या खेपेला दुसऱ्यावर बोल्ट अडला. तपासायला किती वेळ लागतो ते मी घड्याळ लावून पाहिलं.

दोन मिनिटं.

आता त्या शुक्रवारचं लिहिते. चौदा वर्षं टाळलंय.

तू नळी बसवून दिलीस आणि दुपारी मला फोन केलास. दुसरं गेज टपालात अडकलंय, रविवारी येऊन तपासतो, तोवर ऑर्व्हिलला बार काढू देऊ नकोस. ऑर्व्हिल अंगणात ट्रक भरत होता. शनिवारी एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडणार होता. गिरणीतून काढून टाकल्यापासून तो पहिल्यांदाच शीळ घालत होता. त्याने विचारलं, "थॅडने तपासलीय ना?"

मी म्हणाले, "हो."

शनिवारी बार मागे उलटून त्याचा डोळा गेला आणि गावाने तुझं दुकान बंद पाडलं. तू सामान बांधून हेलेना शहरात गेलास, पण 'लोरीला फोन केला होता', एवढं एक वाक्य बोलला नाहीस. ऑर्व्हिल तुला शिव्या देतच यंदा मार्चमध्ये वारला. त्याला मी सांगितलं नाही. ते राहिलंच.

परवा रविवारच्या मिस्सेनंतर सगळे चर्चच्या हॉलमध्ये कॉफीला जमले, तेव्हा मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. फादर हळूच म्हणाले, हे कन्फेशनमध्ये सांगायचं असतं, लोरेटा. मी म्हटलं, "फादर, थॅडची बदनामी कन्फेशनमध्ये नव्हती झाली. याच टेबलाशी झाली, डोनट खाता खाता."

निम्मा हॉल उठून गेला. जाऊ दे. डेनिस म्हणतो, बाबांना मातीत तरी सुखाने राहू दे. मी पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे, त्याच खुर्चीवर बसणार आहे, आणि कुणी विचारलं तर पुन्हा सांगणार आहे.

तुला वाटलं असेल, आपण लोरीला वाचवलं. मी मागितलं नव्हतं, थॅड. या गोष्टीचा तुझ्यावर रागही आहे माझा. क्षमा करायची की नाही, ते तुझं तू बघ. नाव मात्र परत घे. ते तुझंच आहे.

सत्तरी उलटलीय, म्हणून वाटणीही लिहून ठेवते. रायफल तुला. नळीवर काडतुसाचं माप मीच ठोकलंय, आकडे वाकडे आलेत. दोन्ही गेज डेनिसला, त्याने कधी बंदूक हातात धरली नाही तरी. ट्रक चर्चला, घेतला तर. ऑर्व्हिलचा काचेचा डोळा माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. तो कुणालाही द्यायचा नाही. माझ्या शवपेटीत ठेवायचा, आणि ते काम तू करायचंस.

तुझी,
लोरी