कौशल्येच्या ओटीतला कापूस

अमरावती, मार्गशीर्ष

प्रिय कौशल्या,

हे पत्र दवाखान्यातले औषधवाले गोवर्धनपंत लिहून देत आहेत. मी वऱ्हाडीत सांगते, ते शुद्ध करून उतरवतात. तेव्हा भाषा गोड लागली तर ती त्यांची, आणि कुठे टोचलं तर ते माझं. तिकडे नत्थुजी गुरुजी वाचून दाखवतील. गुरुजी, आवाज जरा मोठा ठेवा आणि एकही ओळ गाळू नका.

इथे यंदाही कापसाचा पूर आहे. समुद्रापलीकडे कुठे गोऱ्यांची लढाई जुंपली आहे म्हणतात, आणि भाव इकडे चढले आहेत. चांदूर बाजारकडच्या गाड्या बाजारात मावत नाहीत, थेट आपल्या दवाखान्याच्या दारापर्यंत उभ्या असतात. गाडीवानांपैकी कुणाच्या पायावरून चाक गेलेलं, कुणाला पटकी. सगळे आपल्याकडेच येतात.

आठवतं तुला, आपण चौघी बाया आणि चाळीस खाटा? दुपारी सगळ्यांना पेज पाजून झाली की घटकाभर पाठ टेकायची, ती औषधांच्या खोलीबाहेरच्या फरशीवर. सुभद्रा म्हणायची, "बाहीर कापसाचे डोंगर पडून राह्यले, अन् आपल्या पाठीले फरशी!" आपण हसायचो. हसलो म्हणून पाठ काही दुखायची राहत नव्हती.

मग तू एक युक्ती काढलीस. बरा होऊन निघालेला गाडीवान हात जोडू लागला की तू ओटी पुढे करायचीस. "मले काई नोको बाबा, एक मूठ कापूस दे. वेचणारीचा वाटा." वावरात बाईला तिने वेचलेल्यातून वाटा मिळतो, तोच न्याय तू दवाखान्यात लावलास. त्या मुठींची एक गादी करायची आणि चौघींनी पाळीपाळीने तिच्यावर निजायचं, एवढाच तुझा बेत. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसणार तरी कसं, मीही वावरातलीच.

पण कारकून खुशालरावांना कोनाड्यात दडवलेलं कापसाचं गाठोडं सापडलं. "आजारी माणसाकडून लाच घेऊन राह्यल्या का? कोनाचं हाय हे?" ते केवढ्याने ओरडले! तू पुढे होऊन म्हणालीस, "माह्यं हाय." आमचं नाही म्हणालीस, माझं म्हणालीस. त्याच दिवशी तुला काढलं. मी पेजेचं पातेलं घासत होते, ते घासतच राहिले.

तू गेल्यावर चाळीस खाटा तिघींवर आल्या. दिवाळीनंतर सुभद्रा पेज वाढता वाढता कोसळली. ताप नाही, पटकी नाही. डागतरसाहेबांनी नाडी पाहिली आणि विचारलं, ही नीट निजली कधी? तेव्हा माझं तोंड उघडलं. मी म्हटलं, "जिचेच हात थरथरून राह्यले, ते दुसऱ्याले काय सांभाळन?" गोवर्धनपंतांनी साहेबांना ते इंग्रजीत समजावून सांगितलं. मग मी त्या गाठोड्याची सगळी हकिकत सांगितली. साहेबांनी पुरावा म्हणून कुलपात ठेवलेलं ते गाठोडं मागवलं आणि माझ्या हातात दिलं.

आता आम्हाला निराळी खोली आहे. पाळ्या ठरल्या आहेत, दोन नव्या बाया आल्या आहेत, आणि पोटात भाकरी गेल्याशिवाय कुणी खाटेपाशी जायचं नाही असा साहेबांचा हुकूम आहे. सुभद्रा सावरली. जुन्या लुगड्यांची खोळ शिवून आम्ही गादी भरली. परवा खुशालराव कंबर धरून आले आणि म्हणाले, जरा टेकू का? सुभद्रेने त्यांना बाहेरची फरशी दाखवली.

आता खरं बोलते. तुमच्या हिवरखेडचे महादेवराव पटकीने इथे होते, देवाच्या दयेने उठले. त्यांच्याकडून कळलं की यंदा वेचणीला तुला कुणीच बोलावत नाही. "चोट्टीच्या ओटीचा काय भरोसा," असं म्हणतात, आणि तुझे जानरावदादा बहिणीपायी मान खाली घालून बसतात. ऐकून मला दोन दिवस घास गेला नाही. म्हणून हे पत्र तुझ्या घरी न धाडता महादेवरावांच्या हाती चावडीवर धाडते आहे. हिवरखेडची मंडळी, ऐका. तो कापूस चोरीचा नव्हता. लोकांनी आपल्या हाताने दिला होता, आणि त्यातला अर्धा माझ्या ओटीतला होता. खुशालराव ओरडले तेव्हा मला माझ्या भाकरीची भीती वाटली आणि मी गप्प बसले. कौशल्येचं नाव गेलं ते माझ्यामुळे. तिला वेचणीला बोलवा आणि तिचा वाटा तिला द्या. कौसे, साहेबांनी तुझी जागा राखली आहे. यायचं की नाही ते तू ठरव, शिव्या द्यायला आलीस तरी चालेल. गादीवर सगळ्या निजतात, मी मात्र अजून फरशीवरच टेकते. तू येऊन आधी निज, मग मी निजेन. गुरुजी, झालं वाचून. आता हा कागद सगळ्यांसमोर तिच्या हातात द्या.

तुझीच,
मैना