कंपनीला केलेल्या अर्जावर नानाजींची सही

इतवारी, नागपूर
दि. ३ जुलै १९८९

ती. अनुसयाताईस,
मनोहरचा सा. न. वि. वि.

माझ्या व्हिडिओ गेमच्या दुकानावर संकट आलं आहे. कंपनीच्या नव्या यंत्रात असं कुलूप आहे की तिच्याच महागड्या कॅसेटी चालतात, नक्कल केलेल्या चालत नाहीत. मग साध्या घरच्या पोरांनी खेळायचं कसं? कुलूप काढा, नाहीतर यंत्र घेणार नाही, असा अर्ज आम्ही करतो आहोत. गिऱ्हाइकांच्या एकेचाळीस सह्या झाल्या, पण एवढ्यानं कंपनी हलायची नाही. तुमच्या विणकर सोसायटीत सुताच्या अर्जावर सगळे न विचारता सह्या करतात, तशा गिऱ्हाइकं म्हणून साठेक मिळव. अध्यक्ष म्हणून आपल्या नानाजींची पहिली घे. तू नाक मुरडशील, पण करशील.

माया आहेच, ती या कागदावर उतरू दे.
तुझा मनोहर

उमरेड
दि. १९ ऑगस्ट

चि. मनोहरास अ. उ. आ.

सोमवारी कंपनीचा माणूस सोसायटीत आला. कुलपाचा फेरविचार चालू आहे म्हणून गिऱ्हाइकांना भेटतो आहे, म्हणाला. पहिलं नाव नानाजींचं. हा खेळ तुम्ही खेळता का, असं त्यानं विचारलं. आपला बाप चारचौघांत कधी खोटं बोलला नाही रे. तुझ्यासाठी ते हो म्हणाले. त्यानं पिशवीतून जॉयस्टिक काढून हातात दिली. नानाजींनी ती मागावरच्या धोट्यासारखी धरली. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून ते सोसायटीत गेले नाहीत. कागद मीच फिरवला होता, मलाही तोंड वर करून चालवत नाही.

रागावले आहे, तरी जेवणखाण वेळेवर करत जा.
तुझी ताई

इतवारी
दि. ४ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

कंपनीचं पत्र आलं. सह्या खोट्या, म्हणून अर्ज रद्द. कुलूप राहणार. गिऱ्हाइकांना दुकानात बोलावून मी सगळं कबूल केलं. पोरांना घेऊन येणाऱ्या पार्वतीबाईंनी एवढंच विचारलं, की आमच्या एकेचाळीस सह्या कमी होत्या का? आता गिऱ्हाइकंच पुन्हा अर्ज करताहेत, माझ्याशिवाय. फार लाज वाटते. नानाजींना लिहायला तीनदा बसलो, तिन्ही कागद फाडून टाकले.

जमलं तर लोभ राहू दे.
मनोहर

उमरेड
दि. ११ सप्टेंबर

चि. मनोहरास अ. उ. आ.

तुझं पत्र नानाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, मनोहरले सांग, रविवारी मशीन घेऊन ये अन् मले खेळ शिकव. सही केली, ते खोटं राहालं नाही पाहिजे. घरी शिकवतो म्हणशील, तर तेही नको म्हणतात. सोसायटीच्या टीव्हीवर, सगळ्यांसमोर.

सकाळच्या एस.टी.नं ये. मी स्टँडवर उभी राहीन.
तुझी ताई