देवाने ताईला बोलावलं

वर्ष सहावे, उन्हाळ्याचा चौथा महिना, दिवस तिसरा

नदी अजून चढली नाही. सलग दुसरं वर्ष! घाटावर बायका चिखलात खड्डे खणून पाणी उपसत होत्या. मी पालखीतून उतरले तशा गप्प झाल्या. मागून एक बोललीच — "राणी पांढऱ्या पायाची, मग पाणी कसं यायचं?"

वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला शिक्षा करावी लागली असती. आणि राणी माझी सख्खी बहीण आहे.

दिवस पाचवा

ताईने आज हत्तींचं तळं गावाला खुलं केलं. माहूत पाया पडला. "हत्तींचं काय करू?"

"रानात सोड. पाणी शोधायला त्यांना पाय आहेत. बाळंतिणीने कुठे जायचं?"

राजे, म्हणजे भावजी, वारले तेव्हा अमून देवाची पालखी तिच्यापुढे झुकली, म्हणून ती मेरोएच्या गादीवर बसली. पालखी पुजाऱ्यांच्या खांद्यावर असते, हे आईने आम्हाला लहानपणीच सांगून ठेवलंय. पण ताईने खरंच राज्य केलं. देवळाच्या जमिनी काढून लोहारांना दिल्या. तेव्हापासून पुजारी तिला हसून नमस्कार करतात. मला ते हसणं आवडत नाही.

दिवस अकरावा

पेतेमोन आला. थोरला पुजारी. हातात घडी घातलेलं पांढरं कापड.

आमच्या घरात ते कापड सगळ्यांना माहीत आहे. आजोबांना आलं होतं. ते अंगावर पांघरून देवळात गेले आणि परत आले नाहीत.

"देवाने आपल्याला बोलावलंय," पेतेमोन म्हणाला. "वर्ष सरायच्या आत. मग नदी येईल."

ताई लेकीच्या, नेतेवीच्या, केसांना तेल लावत होती. हात थांबला नाही तिचा. "देवाला सांगा, पोरीची आंघोळ राहिलीय."

पेतेमोनचं तोंड बघण्यासारखं झालं! मला हसू आलं.

दिवस बारावा

आई म्हणते, ताईला समजाव.

"काय समजावू? मर म्हणून?"

"माझे वडील गेले ना? गुपचूप गेले. म्हणून गादी घरात राहिली."

"ती तुझी मुलगी आहे, आई!"

"तूही आहेस. नेतेवी माझी नात आहे. उपाशी माणसं राजवाड्यात शिरली तर निवडून मारणार आहेत का? एक फांदी तोडली की झाड वाचतं."

एवढं बोलून दासीला म्हणाली, खजूर चांगले निवड, किडके आहेत त्यात.

दिवस सोळावा

ताईने मला बागेत बोलावलं. शेजारी अबरख, तिच्या पहाऱ्याचा सरदार. तो जमिनीकडे बघत होता.

वर्ष सरलं की नवं लागेपर्यंतचे पाच दिवस पुजारी देवळात एकत्र बसतात, आतून दारं लावून. अबरखची माणसं तेव्हा आत शिरणार.

"सगळे पुजारी?" मी विचारलं.

"सगळे. मूर्तीला मात्र धक्का लावायचा नाही. देवाशी माझं भांडण नाही." मग म्हणाली, "तू माझ्याबरोबर चल. आपल्या घरातलं आणखी कोणी दिसलं तर सैनिकांना धीर येईल."

"विचार करून सांगते."

"बाजारात बांगड्या घेतेयस का, विचार करायला!"

हसली. ताई अशी हसली की लहानपणचा तिचा पडका दात आठवतो.

दिवस सतरावा

विचार होत नाही. दोनदा ताईच्या दारापर्यंत जाऊन परत आले.

दिवस विसावा

ताईला हो म्हटलं. तिने माझं डोकं छातीशी धरलं. तिच्या अंगाला धुराचा वास येत होता. भट्ट्यांवर जाऊन आली होती, लोहारांना धान्य वाटायला.

दिवस तिसावा

दुपारी आईने आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. स्वतः चुलीपुढे बसलेली! भाकरी, खारवलेला मासा, ज्वारीची दारू.

"माझ्या हातचं किती दिवसांत खाल्लं नाहीस," ताईला म्हणाली.

ताईने पेला तोंडाला लावला. "कडू लागतंय गं."

"जास्त आंबलीय. पी."

तिने आईकडे बघितलं. मग पेल्याकडे. पुन्हा आईकडे. तिला कळलं होतं का? मला माहीत नाही. मला खरंच माहीत नाही! ती प्यायली.

थोड्या वेळाने तिची बोटं चटईत रुतली. "नेतेवी —" एवढंच म्हणाली.

"माझ्याजवळ आहे," आई म्हणाली, आणि पदराने तिची हनुवटी पुसत राहिली. मी ओरडले तेव्हा दुसऱ्या हाताने तिने माझं तोंड दाबलं.

नंतर ते पांढरं कापड आईनेच ताईच्या अंगावर घातलं.

वर्षाबाहेरचा दिवस पहिला

काही नाही.

वर्षाबाहेरचा दिवस दुसरा

नदी आली. लाल, गढूळ, काठोकाठ. घाटावर ढोल वाजताहेत. बायका ताईच्या नावाने ओव्या गाताहेत — त्याच बायका!

पेतेमोनने देवळाच्या भिंतीवरून लोकांना सांगितलं, राणीने स्वतःला देऊन पाणी आणलं.

वर्षाबाहेरचा दिवस तिसरा

अबरखने एका घोडेस्वाराला माझ्यापुढे उभं केलं. दक्षिणेकडून, जिथून नदी वाहत येते तिथून आलेला. तिकडे नदी केव्हाच चढली होती. ताई जिवंत असताना. तो ही बातमी घेऊन मेरोएत आला तेव्हाही ती जिवंत होती.

"मग राजवाड्यात का नाही आलास?"

"वेशीवर देवळाची माणसं होती, बाईसाहेब. त्यांनी आधी देवळात नेलं. मग पाणी येईपर्यंत बाहेर सोडलंच नाही."

आईकडे धावत गेले. सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पेतेमोनने मला आधीच कळवलं होतं," ती म्हणाली. "पाणी आलं असतं तरी त्यांनी तिला सोडलं नसतं. यंदा नाही तर पुढच्या वर्षी. आता तू तरी नीट वाग."

नेतेवी आतून विचारत होती, आई कधी उठणार.

वर्षाबाहेरचा दिवस पाचवा

संध्याकाळी देवळाची दारं उघडली. देवाची पालखी माझ्यापुढे झुकली. मीही झुकले. पेतेमोन खूश दिसला. "मऊ आहेत ह्या," असं आईला म्हणाला म्हणे.

वर्ष पहिले, पुराचा पहिला महिना, दिवस पहिला

मी राणी झाले. सगळ्या पुजाऱ्यांना राजवाड्यात जेवायला बसवलंय. अबरखची माणसं वाढताहेत. नेतेवीला माझ्या खोलीत ठेवून आले, बाहेरून कडी लावली. पेतेमोनच्या शेजारी आईचं पान मांडलंय.